शाईचा थेंब कोणाच्या नावावर?

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या कोणत्याही तालुक्याच्या बाजारपेठेतून चक्कर मारली, तर दर दुसऱ्या दुकानावर पेंटरच्या हातची पाटी दिसत असे. किराणा, कापड, सायकल दुरुस्ती, खाटीकखाना, दवाखाना, सगळ्यांची अक्षरे कुंचल्याने रंगवलेली. पाटीच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत पेंटरचे नाव असे. त्या नावावरून गिऱ्हाईक त्याला शोधत येई. या धंद्यात आपल्या समाजातील कारागीर मोठ्या संख्येने होते, हे वेगळे सांगायला नको.

पुढे फ्लेक्स आला. चार दिवसांचे काम चार तासांत होऊ लागले आणि पेंटरचा कुंचला डब्यात वाळून गेला. काहींनी घरांना रंग देण्याचे काम धरले, काही रिक्षा चालवू लागले, काही मुलाच्या कमाईवर बसले. फ्लेक्सच्या कोपऱ्यात कोणा कारागिराचे नाव नसते. तेव्हापासून एकच वाक्य ऐकू येते, “मशीनने आमचे पोट मारले.”

हे वाक्य खोटे नाही, पण अर्धेच खरे आहे. फ्लेक्स छापणारे यंत्र म्हणजे मोठ्या आकाराचे इंकजेट. ते आकाशातून पडलेले नाही. ज्या प्रकारची निरीक्षणे आपले कारागीर रोज आपल्या कारखान्यात करतात, तशाच निरीक्षणांतून ते घडले आहे. फरक इतकाच की तिकडे ज्याने पाहिले, त्याने ते वेळेवर लिहून ठेवले आणि तारीख घालून नोंदवले. आपण मात्र चहाच्या टपरीवर सांगून मोकळे झालो. या लेखाचे सारे म्हणणे एवढेच आहे.

सुई तापली, शाई उडाली

१९७७ सालची गोष्ट. जपानच्या कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत इचिरो एन्डो नावाचे संशोधक काम करीत होते. टेबलावर शाई भरलेली सिरिंज होती. तापलेले सोल्डरिंग आयर्न चुकून तिच्या सुईला लागले आणि सुईच्या टोकातून शाईची चिळकांडी उडाली. दुसऱ्या एखाद्याने टेबल पुसून काम पुढे चालू केले असते. यांनी विचार केला, की उष्णतेने आत बुडबुडा तयार होतो आणि तो शाईला बाहेर ढकलतो. मग हाच बुडबुडा आपण हवा तेव्हा आणि हवा तेवढा का तयार करू नये? त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये कंपनीने पेटंटचा अर्ज दाखल केला.

थोड्याच काळाने अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील ह्युलेट-पॅकार्ड कंपनीच्या प्रयोगशाळेत जॉन वॉट आणि त्यांचे सहकारी स्वतंत्रपणे त्याच कल्पनेपर्यंत पोहोचले. त्यांच्या डोळ्यांसमोर कॉफी उकळण्याचे भांडे होते, ज्यात खाली तापलेले पाणी नळीतून वर उसळते. दोन देश, दोन माणसे आणि कल्पना एकच. परंतु अर्ज आधी कोणाचा? जपानी कंपनीचा. शोधाच्या व्यवहारात अक्कल जितकी मोलाची, तितकीच तारीखही मोलाची असते.

या पद्धतीत डोक्यातील अतिसूक्ष्म तापक सेकंदाच्या काही लाखाव्या भागात शाई तापवतो, बुडबुडा फुगतो आणि केसाहूनही बारीक छिद्रातून थेंब बाहेर पडतो. चांगल्या यंत्राचा एक थेंब काही पिकोलिटरचा असतो. एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. एवढे सारे साधले, पण एक अडचण उरली. तापून तापून तापक खराब होई आणि छिद्र बुजे. ह्युलेट-पॅकार्डने यावर जो तोडगा काढला, तो व्यापाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखा आहे. न बुजणारे छिद्र बनवण्याच्या मागे न लागता त्यांनी डोके शाईच्या डबीलाच जोडून दिले. शाई संपली की डोक्यासकट डबी फेका आणि नवी बसवा. १९८४ मध्ये बाजारात आलेला त्यांचा थिंकजेट हा छपाईयंत्र याच तत्त्वावर चाले.

त्या एका तोडग्याने छपाईची अडचण मिटली आणि त्याबरोबर नफ्याची जागाही बदलली. यंत्र स्वस्तात द्यायचे आणि कमाई शाईवर करायची, हा धंद्याचा नवा रिवाज पडला. घरोघरी प्रिंटर पोहोचले. शाईचा भाव मात्र इतका चढला, की गिऱ्हाईक डबी बदलताना प्रिंटरच्याच किमतीशी तुलना करू लागले.

न उकळता उडणारी शाई

दुसरा रस्ता पिझो पद्धतीचा. काही स्फटिकांवर दाब दिला की वीज निर्माण होते, हे फ्रान्समधील क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवले. याच्या उलटही होते, म्हणजे वीज दिली की असा स्फटिक आकार बदलतो. शाईच्या कप्प्याला असा तुकडा लावला तर तो पिचकारीच्या दट्ट्यासारखे काम करतो. जपानच्या एप्सन कंपनीने ही पद्धत धरून ठेवली आणि १९९३ च्या स्टायलस ८०० या प्रिंटरने ती घराघरांत व कचेऱ्यांत नेली.

यात आपल्या कामाची बाब कोणती? या पद्धतीत शाई उकळावी लागत नाही. त्यामुळे पाण्याच्या शाईखेरीज सॉल्व्हंटची शाई, कापडाच्या रंगाची शाई, अतिनील प्रकाशात झटकन सुकणारी शाई, अशा अनेक शाया तिच्यातून उडवता येतात. फ्लेक्स, कापड, लाकूड, काच आणि फरशी यांवरील छपाई यातूनच शक्य झाली. म्हणजे आमच्या पेंटरचा कुंचला ज्याने बाजूला सारला आणि कापडावर ठसे मारणाऱ्या छिप्यांच्या व स्क्रीन छपाईवाल्यांच्या दारात जो आज उभा आहे, तो हा इवलासा वाकणारा तुकडा. शत्रू म्हणा किंवा अवजार म्हणा, त्याची ओळख असणे भाग आहे.

बाटल्या लावणारे आणि कारखाना लावणारे

आता तिसरी गोष्ट, आणि ती आपल्या सर्वांत जवळची आहे. महाग डब्यांना कंटाळून आशियातील अनेक देशांत दुकानदारांनी आणि दुरुस्ती करणाऱ्यांनी प्रिंटरच्या बाजूला शाईच्या बाटल्या ठेवल्या, बारीक नळ्या डब्यांना जोडल्या आणि वारंवार डबी बदलण्याची कटकट संपवली. आपल्याकडेही झेरॉक्सच्या दुकानांत आणि फोटो स्टुडिओत अशी नळ्यांची जुळणी अनेकांनी पाहिली असेल. कधी शाई गळे, कधी नळीत हवा शिरे, पण पानामागचा खर्च कितीतरी उतरे.

कंपनीने प्रथम या जुळणीला आपल्या धंद्यावरचे संकट मानले. मग तिने नीट पाहिले आणि ओळखले की गिऱ्हाईक याच मार्गाने आपली गरज सांगत आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये एप्सनने इंडोनेशियात स्वतःचा टाकीवाला प्रिंटर विक्रीस आणला. यंत्राचा भाव जास्त, शाई मात्र बाटलीत आणि स्वस्त. पुढे इतर कंपन्यांनीही तेच केले आणि आज आपल्या बाजारात टाकीवाला प्रिंटर सर्रास मिळतो.

गिऱ्हाइकाचे भले झाले, यात शंका नाही. पण ज्या दुरुस्तीवाल्यांनी गळक्या नळ्यांवर वर्षानुवर्षे डोके खपवले, त्यांना काय मिळाले? गल्लीतल्या कारागिराने रस्ता दाखवला आणि त्या रस्त्यावर टोलनाका कंपनीने बसवला. यात कंपनीने चोरी केली असे मी म्हणत नाही. तिने गळती थांबवली, हमी दिली, कारखाना उभारला, हे कामही खरेच आहे. दुःख याचे आहे, की पहिले पाऊल टाकणाऱ्यांकडे दाखवायला एक कागदही नव्हता.

आपल्याच गल्लीतली गोष्ट

भिवंडीतील एक परिचित तरुण टी-शर्टवर छपाई करतो. आधी विशिष्ट फिल्मवर चित्र छापायचे, त्यावर गोंदाची भुकटी टाकून तापवायचे आणि मग गरम प्रेसने ते कापडावर उतरवायचे, ही डी.टी.एफ. नावाची पद्धत. गडद कापडावर रंग उठून दिसण्यासाठी खाली पांढऱ्या शाईचा थर लागतो. पांढऱ्या शाईत टायटॅनियम डायऑक्साइड असते. ते जड असल्याने तळाशी बसते आणि दोन दिवस यंत्र बंद राहिले की डोके बुजते. डोके बदलायचे म्हणजे महिन्याची कमाई गेली.

या तरुणाने माशांच्या काचेच्या टाकीत वापरतात तो छोटा पंप, एक संथ फिरणारी मोटर आणि टायमर यांची जुळणी केली. रात्री दुकान बंद असले तरी शाई थोड्याथोड्या वेळाने हलत राही. बुजणे जवळजवळ थांबले. यंत्र विकणाऱ्याचा तंत्रज्ञ देखभालीला आला, तेव्हा याने कौतुकाने सारे उलगडून दाखवले. पुढच्या ईदच्या हंगामात तोच विक्रेता तशीच जुळणी वेगळा भाव लावून विकू लागला. आमच्या या भावाच्या पदरात काय पडले? तंत्रज्ञाला पाजलेल्या चहाचे पैसे त्याच्याच गल्ल्यातून गेले, इतकेच.

ही जुळणी पेटंटच्या कसोटीला उतरली असती का? कदाचित नाही. शाई ढवळत ठेवण्याची सोय मोठ्या यंत्रांत पूर्वीपासून आहे, आणि माहीत असलेल्या वस्तू नुसत्या शेजारी ठेवल्याने शोध होत नाही, असे आपला १९७० चा पेटंट कायदा सांगतो. पण त्याने स्वतः ती पेटी बनवून आपल्या नावाने विकली असती, तर शंभर दुकाने तरी त्याची गिऱ्हाईक झाली असती. ते त्याला सुचलेही नाही, कारण आपण केले ते ‘जुगाड’, आणि साहेबांनी केले ते ‘संशोधन’, असा समज मनात पक्का बसला आहे.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, वही ठेवा. नवी युक्ती सुचली की तारीख घालून लिहा, आकृती काढा, फोटो ठेवा, दोन जाणत्या माणसांच्या सह्या घ्या. वहीमुळे पेटंट मिळत नाही, पण आपण नेमके काय केले हे आपल्यालाच स्पष्ट होते.

दुसरी, अर्जाआधी तोंड बंद ठेवा. जी गोष्ट जगासमोर आली ती कायद्याच्या नजरेत सहसा नवी राहत नाही. व्हिडिओ टाकला, प्रदर्शनात मांडली, मग अर्जाला धावलो, तर ते वरातीमागून घोडे ठरेल.

तिसरी, खर्चाची भीती तपासून पाहा. वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन अर्जाची मूळ फी १,६०० रुपये आहे, मोठ्या कंपनीला ८,०००. तपासणीची फी अनुक्रमे ४,००० आणि २०,००० रुपये. प्रथम तात्पुरता अर्ज करून पूर्ण तपशील १२ महिन्यांत देता येतो. मंजूर झालेले पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे चालते, मात्र पुढे नूतनीकरणाची फी भरत राहावे लागते. मुंबईचे पेटंट कार्यालय अँटॉप हिल येथे आहे. वकिलाची फी वेगळी, हे खरे. त्यासाठी गुजरातमधील नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन ही २००० साली स्थापन झालेली संस्था सामान्य कारागिरांच्या शोधांना मदत करते, तिचे दार ठोठवावे. वस्तूचा केवळ आकार वा नक्षी नवी असेल, तर डिझाइनची नोंदणी होते. ती १० वर्षे टिकते आणि आणखी ५ वर्षे वाढवता येते.

कोणी म्हणेल, “पेटंट मिळाले तरी मोठ्या कंपनीशी कोर्टात कोण लढणार?” प्रश्न रास्त आहे. पण लहान माणूस प्रत्येक वेळी हरतोच असे नाही. अमेरिकेत वापरलेल्या टोनरच्या डब्या पुन्हा भरून विकणाऱ्या इम्प्रेशन प्रॉडक्ट्स या छोट्या कंपनीवर लेक्समार्क या बलाढ्य कंपनीने पेटंटचा दावा लावला होता. २०१७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कंपनीने डबी एकदा विकली की त्या डबीवरचा तिचा पेटंटचा हक्क संपतो. तो निकाल आपल्याकडे लागू नाही, पण रीफिलिंग करणाऱ्या प्रत्येकाने तो माहीत करून घ्यावा. त्याचबरोबर एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. डबी भरून ‘भरलेली’ म्हणून विकणे हा धंदा आहे, तिच्यावर कंपनीचे खोके चढवून ‘नवी’ म्हणून विकणे ही फसवणूक आहे. आपल्या शोधावर आपले नाव हवे असेल, तर दुसऱ्याच्या नावाचा आदरही राखावा लागेल.

चौथी गोष्ट सरकारकडे मागण्याची आहे. जर्मनीत १८९१ पासून लहान सुधारणांसाठी वेगळे, कमी मुदतीचे संरक्षण आहे. जपान आणि चीनमध्येही आहे. आपल्या देशात असा कायदा नाही. कारागिरांच्या संघटनांनी ही मागणी लावून धरली पाहिजे. आणि तोपर्यंत आपल्या पतसंस्था, व्यापारी मंडळे व शिक्षण संस्थांनी वर्षातून एक दिवस तरी कारागिरांसाठी अर्ज लिहिण्याचे शिबिर घ्यावे. जलशांवर होणाऱ्या खर्चाच्या मानाने हा खर्च काहीच नाही.

जुना पेंटर पाटीच्या कोपऱ्यात आपले नाव लिहीत असे, कारण काम आपले आहे याची त्याला खात्री होती. यंत्र आले म्हणून ती सवय सोडण्याचे कारण नव्हते. आज रात्री दुकान बंद करण्यापूर्वी शंभर पानांची एक वही घ्या आणि गेल्या वर्षभरात यंत्रात आपण काय काय बदल केले, ते पहिल्या पानावर लिहून काढा. वर तारीख आणि खाली आपले नाव घालायला विसरू नका.