खडकवासल्याचें पाणी व अर्थशास्त्राचें लहान पुस्तक

अर्थशास्त्र हा विषय कॉलेजांतील मंडळींचा, घरांत त्याचें काय काम, असें पुष्कळांस वाटतें. वास्तविक हें शास्त्र मराठी वाचकास घरबसल्या कळावें ही खटपट जुनी आहे. लोकहितवादींचें ‘लक्ष्मीज्ञान’ १८४९ सालचें. गेल्या पावसाळ्यांत आमच्या धाकट्या सूनबाईंनीं परीक्षेकरितां या विषयाचें एक आटोपशीर पाठ्यपुस्तक घेतलें, आणि रात्रीं जेवणें झाल्यावर त्याचें वाचन माजघरांत होऊं लागलें. पूर्वार्ध सूक्ष्मलक्ष्यी, म्हणजे एक ग्राहक, एक दुकानदार, एक वस्तु यांचा. उत्तरार्ध समग्रलक्ष्यी, म्हणजे साऱ्या देशाचें उत्पन्न, रोजगार व महागाई यांचा.

‘सीमान्त उपयोगिता’ हा शब्द येतांच वडील मंडळी उठूं लागली. परंतु एका रविवारीं आम्ही सर्व खडकवासल्यास गेलों असतां चौपाटीवर कांदाभज्यांची पहिली बशी क्षणांत संपली, दुसरी सावकाश, आणि तिसरीस कोणी हात लावीना. सूनबाई नुसत्या हंसल्या. सिद्धान्त सर्वांस समजला.

खरा धडा समोरच्या पाण्यानें दिला. पाण्यावांचून जीव जगत नाहीं, तरी तें स्वस्त; हिऱ्यावांचून कांहीं अडत नाहीं, तरी तो महाग. ॲडम स्मिथनें १७७६ सालीं मांडलेल्या या कोड्याचें उत्तर पुस्तकांत दोन ओळींत आहे: किंमत ठरते ती शेवटच्या घागरीच्या उपयोगावरून, पहिल्या घागरीच्या नव्हे. पुण्यांत शेवटची घागर मोटार धुण्यास जाते. कालव्याच्या शेपटाकडे इंदापूर तालुक्यांत उभ्या पिकाला तीच कदाचित् पहिली असते. पानशेत, वरसगांव, टेमघर व खडकवासला मिळून सुमारें २९ अब्ज घनफूट पाणी सांठतें. त्यांत खुद्द खडकवासल्याचें दोनांहूनहि कमी. एकीकडे दिलें म्हणजे दुसरीकडे तितकें उणें. पुस्तक यासच वैकल्पिक खर्च म्हणतें.

उत्तरार्धांत मात्र आमच्या वहिनी चांगल्याच संतापल्या. सर्वांनीं एकदम खर्च आंखडला तर देशाचें उत्पन्नच घटतें, कारण एकाची खरेदी ती दुसऱ्याची कमाई, हा केन्सनें १९३६ सालच्या ग्रंथांत पुढें आणलेला विचार. “मग जन्मभर काटकसर केली ती चुकलीच म्हणावयाची!” सूनबाईंनीं त्यांस २०२० सालच्या टाळेबंदीची आठवण दिली: लोक घरीं बसले, त्यांचा पैसा वांचला, आणि चौपाटीवरच्या कणीसवाल्यांची कमाई बुडाली. “जाऊबाई, आपली काटकसर चुकली नाहीं, सर्वांनीं एकाच दिवशीं केली तर चुकते.” हें वहिनींस पुरतें पटलें नाहीं. आमच्या मतें त्यांची बाजूहि अगदींच लंगडी नव्हे, कारण मंदी नसतां वांचलेला पैसा बँकेंतून कोणाच्या तरी धंद्याला भांडवल म्हणून उपयोगी पडतो. आटोपशीर पुस्तकांत हा भेद एका वाक्यांत उरकलेला असतो. तो हातून निसटला कीं भलताच अर्थ लागतो.

मग वहिनींनींच विचारलें, “पैशाचें राहूं द्या. मीं रोज एक बादली पाणी वांचविलें, तर तें इंदापुरास पोंचतें का?”

सूनबाईंनीं पुस्तक चाळलें. तेथें मागणी व पुरवठा यांच्या वक्ररेषा एकमेकींस छेदतात आणि किंमत आपोआप ठरते. येथें कालव्याचें आवर्तन केव्हां सोडावयाचें याचा विचार कालवा सल्लागार समितींत होतो, आणि वांचलेली बादली धरणांत राहते कीं शहराच्या नव्या इमारतींकडे वळते, हें बाजारभावावरून कळत नाहीं. सूनबाईंनीं समासांत पेन्सिलीनें प्रश्नचिन्ह काढलें, आणि पुढलें प्रकरण उद्यांवर टाकलें.