गोंदियाचे धान आणि नाक्यांचा इलाज

खरिपाचे धान खळ्यावर आले की गोंदिया जिल्ह्यात दरवर्षी तीच मागणी उठते: सीमेवर नाके वाढवा, चोरटी वाहतूक थांबवा. पूर्वेला छत्तीसगड, उत्तरेला मध्य प्रदेश. सीमा आहे म्हणून तस्करी होते आणि तस्करीने जिल्ह्याचा व्यापार बसतो, असा हा युक्तिवाद. तो मला मुळातच चुकीचा वाटतो. धान हलते ते सरकारांनी ठरवलेल्या भावामुळे. 2024-25 च्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला 2,300 रुपये होता. छत्तीसगड सरकार आपल्या शेतकऱ्याला एकरी 21 क्विंटलपर्यंत 3,100 रुपये देत होते. इकडचे, सालेकशाचे 1010 वाणाचे धान आणि छत्तीसगडमधल्या डोंगरगडकडचे 1010 तळहातावर घासून दाणा पाहिला, दाताखाली धरून ओल पाहिली, तरी मुरलेल्या व्यापाऱ्यालाही कोणते कुठले ते सांगता यायचे नाही. पण 40 किलोच्या एका कट्ट्यामागे फरक 320 रुपयांचा. एवढ्या फरकापुढे नाका किती टिकणार?

यावर सांगितले जाते की महाराष्ट्रही त्या हंगामासाठी हेक्टरी 20,000 रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, प्रोत्साहन देत होता. खरे आहे, आणि कमी उतारा येणाऱ्या लहान शेतकऱ्याला त्याचा आधार मोठा होता. हेक्टरी 25 क्विंटलांपर्यंतची तफावत त्यात भरून निघत होती. पण ही रक्कम सातबाऱ्यावरच्या क्षेत्रावर मिळत होती, कट्ट्याला चिकटलेली नव्हती. खरेदी केंद्राच्या काट्यावर तो कट्टा 2,300 च्याच भावाचा राहत होता आणि पलीकडे 3,100 चा, म्हणून त्याची ओढ तसूभर कमी होत नव्हती. उलटा दाखला 2019-20 चा. तेव्हा 1,815 च्या हमीभावावर महाराष्ट्र क्विंटलमागे 700 रुपये जास्त देत होता आणि तक्रार नेमकी विरुद्ध होती: मध्य प्रदेशचे धान आमच्या केंद्रांवर येते. सीमेवरची बाघ नदी तीच, रस्ते तेच. भाव बदलला तशी धानाची दिशा फिरली.

क्विंटलमागे पैसे दिले की बोगस नोंदी होतात, हा आक्षेप मात्र वजनाचा आहे. तो झटकून चालणार नाही. दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर परक्याचे धान चढवणारा गुन्हेगारच आहे. पण तो रस्त्यावरच्या ट्रकमध्ये सापडत नाही, नोंदवहीत सापडतो. तीन राज्यांनी आपल्या खरेदीच्या नोंदी एकमेकांशी जुळवल्या आणि पेरणीआधीच भाव एकमेकांजवळ आणले, तर त्याचा धंदाच उरणार नाही. छत्तीसगड भाव उतरवणार नाही हे उघड आहे, म्हणजे भार महाराष्ट्रावर पडेल. तो उचलायला हवा, असे मी स्पष्ट म्हणतो. बाकी रीतसर विकत घेऊन रीतसर विकणाऱ्या व्यापाऱ्याला तस्कर म्हणणे अन्याय आहे. संविधानाचे कलम 301 देशभरच्या व्यापाराला मोकळीक देते.

ब्रेक्झिटनंतर आयर्लंड बेटापुढे हाच पेच होता. उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड प्रजासत्ताक यांच्यातल्या सुमारे 500 किलोमीटरच्या सीमेवर नाके उभे करायचे नाहीत, असे ठरले. म्हणून उत्तर आयर्लंडने मालापुरते युरोपीय संघाचे नियम पाळायचे आणि तपासणी ब्रिटनकडून येणाऱ्या मालाची बंदरांवर करायची, अशी तडजोड झाली. तीवरून राजकारण पेटले, 2023 च्या विंडसर फ्रेमवर्क या कराराने ती सुधारावी लागली. पण बेटावरची सीमा मोकळी राहिली. ते तर दोन देश होते. भंडारा (गोंदिया तेव्हा त्यातच होते), बालाघाट आणि राजनांदगाव 1956 पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या एकाच प्रांतात होते.

गोंदियाची खरी संधी भरडाईत आहे. येथे राईस मिल आहेत, आणि दुर्ग, नागपूर, बालाघाट व चंद्रपूर अशा चारही बाजूंना रेल्वे जाते. छत्तीसगडने 2024-25 मध्ये सुमारे 149 लाख टन धान खरेदी केले. सरकारी धानाच्या भरडाईचे करार मात्र राज्यनिहाय होतात. तिकडचे गिरणीवाले विरोध करतील, हे मान्य. पण त्यांच्या भरडाईच्या क्षमतेपलीकडचे, ताडपत्रीखाली पडून राहणारे धान राज्याराज्यांतल्या कराराने गोंदियात आले, तर त्यांचे काय जाते? क्विंटलामागे 67 किलो तांदूळ सरकारजमा होईल. उरलेला कोंडा आणि तूस इथल्या तेल गिरण्या व भट्ट्यांना मिळेल, आणि आज ज्या रस्त्यावर रात्री दिवे विझवून ट्रॅक्टर जातात, त्याच रस्त्याने दिवसा, कागदपत्रांसह, भरलेले ट्रक येतील.