खाते माझे, कुलूप कुणाचे?

बँक म्हणजे गरिबाची सावकाराच्या पाशातून सुटका करणारी संस्था, असे आपण अर्थशास्त्राच्या पुस्तकात वाचतो. १९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९८० मध्ये आणखी सहा बँकांचे झाले. २०१४ मध्ये जनधन योजना आली आणि ज्यांच्या घरात कधी पासबुक आले नव्हते त्यांच्याही घरात ते आले. हे सारे खरे आहे. पण मित्रहो, बँकेचे दार उघडले म्हणजे आपले पैसे आपल्या हाती आले, असे मात्र समजू नका!

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. शिष्यवृत्तीसाठी माझे खाते पाचवीत असताना आईला पालक करून काढले होते. अठरा वर्षे पूर्ण झाली की नवी सही आणि नवी कागदपत्रे द्यावी लागतात. नियम रास्त आहे. पण तो आम्हांला कळवायचा कुणी? गेल्या वर्षी शिष्यवृत्ती जमा झाली आणि पैसे काढायला गेल्यावर समजले की खाते 'होल्ड'वर आहे. पैसे आत येतात, बाहेर निघत नाहीत!

त्याच दिवशी कागद दिले. आठ दिवसांनी गेले तर "सिस्टीम घेत नाही, ग्राहक सेवेला फोन करा" असे उत्तर मिळाले. फोन केला तर यंत्र बोलू लागले : यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा. बराच वेळ संगीत ऐकल्यावर एक माणूस आला आणि म्हणाला, "आपल्या शाखेत जा." शाखा फोनकडे बोट दाखवते, फोन शाखेकडे. पाच आठवड्यांनी कुलूप निघाले. का लागले आणि कसे निघाले, हे कुणीच सांगितले नाही. परीक्षा फीची मुदत मात्र आमच्यासाठी थांबणार नव्हती. आईने मुकादमाकडून उचल घेतली आणि ती मजुरीतून फेडली. स्वतःचे पैसे बँकेत असताना उसन्या पैशांवर परीक्षा द्यावी लागावी, यासाठीच का बँका खेड्यापर्यंत आल्या?

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. फसवणूक वाढली आहे. थोड्या कमिशनच्या लोभाने आपले खाते भामट्यांना वापरू देणारे विद्यार्थीही आहेत. संशयास्पद खाते रोखलेच पाहिजे. माझी तक्रार कुलपाविरुद्ध नाही, मुक्या कुलपाविरुद्ध आहे. कुलूप लावणाऱ्याने तीन गोष्टी लेखी सांगाव्यात : का लावले, केव्हा निघेल, आणि कुणाला भेटायचे. सावकार निर्दय होता, पण तो समोर बसून नाही म्हणत असे. 'सिस्टीम'ला तोंडच नाही, मग भांडायचे कुणाशी?

नियम नाहीत असेही नाही. शिष्यवृत्तीसाठी काढलेल्या खात्यावर दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार झाला नाही तरी ते निष्क्रिय ठरवू नये, असे रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२४ रोजी बँकांना कळवले. बँकेकडे केलेल्या तक्रारीला तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेल्या उत्तराने समाधान झाले नाही, तर लोकपालाकडे जाता येते. त्याला फी लागत नाही. पण हे नियम माहीत कुणाला? ज्यांच्या घरी साहेबांशी बोलण्याची सवय आहे, ते व्यवस्थापकाच्या खोलीत जाऊन काम करून घेतात. आम्ही मात्र काउंटरवरचा शब्द हाच कायदा समजून घरी परततो. अडाणीपण केवळ अक्षराचे नसते, हक्काचेही असते.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. पहिली आपल्यासाठी : तोंडी विनवण्या पुरेत, अर्ज लेखी द्या, त्यावर पोच घ्या आणि तारीख जपून ठेवा. पोच हाती असली की साहेबांच्या आवाजातही फरक पडतो! दुसरी गुरुजनांसाठी : राष्ट्रीय सेवा योजनाही १९६९ मध्येच सुरू झाली. त्या योजनेतील आपल्या विद्यार्थ्यांनी प्रवेशाच्या दिवसांत एक टेबल मांडावे आणि नव्या मुलांची खाती चालू आहेत की नाहीत, सज्ञान झाल्यावरचे कागद दिले आहेत की नाहीत, हे तपासून द्यावे. श्रमदानाइतकेच हेही समाजकार्य आहे.

शिष्यवृत्ती ही भीक नव्हे, शिकण्यासाठी दिलेला हक्क आहे. तो हक्क वेळेवर मिळाला नाही, तर मिळूनही न मिळाल्यासारखाच!