तीन पीस, एक वर्ष

पियानो शिकणाऱ्या मुलाच्या घरी पाहुणे आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘कितवी ग्रेड?’ गाणे शिकणाऱ्या मुलीला निदान ‘एखादे म्हणून दाखव’ असा आग्रह होतो, मग ती लाजते, आई डोळ्यांनी दटावते आणि दोन मिनिटांची का होईना, बैठक रंगते. पियानोवाल्या मुलाला मात्र आकडा सांगितला की सुटका होते. ‘चौथी? वा!’ एवढ्यावर विषय संपतो. सध्या काय वाजवतोस, त्यातले तुला काय आवडते, हे विचारायचे कोणाच्या मनातही येत नाही.

आपल्याकडे ज्या ग्रेड बोलल्या जातात त्या बहुधा लंडनच्या दोन संस्थांच्या असतात. एक ट्रिनिटी कॉलेज आणि दुसरी असोसिएटेड बोर्ड. हे बोर्ड १८८९ मध्ये स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी त्याच्या परीक्षा सुरू झाल्या. आज नव्वदहून अधिक देशांतली मुले त्या देतात. मुंबई, पुणे, गोवा या ठिकाणी पियानो शिकणे आणि ग्रेड देणे या दोन गोष्टी आता इतक्या एकजीव झाल्या आहेत की, परीक्षेविना शिकणारे मूल म्हणजे शाळेत नाव न घातलेले मूल, अशा नजरेने त्याच्याकडे पाहिले जाते.

बोर्डाची नेहमीची प्रात्यक्षिक परीक्षा १५० गुणांची. त्यात तीन पीस वाजवायचे, प्रत्येकी ३० गुण, म्हणजे ९०. स्केल्सना २१, न पाहिलेली रचना समोर ठेवल्यावर वाचून वाजवणे, म्हणजे साइट रीडिंगला २१, आणि कानाच्या चाचणीला १८. उत्तीर्ण व्हायला १००, मेरिटला १२०, डिस्टिंक्शनला १३०. तीन पीस तीन याद्यांमधून एकेक घ्यायचे. सध्या पहिल्या यादीत बोटांची चपळाई पाहणाऱ्या रचना असतात, दुसरीत गात्या, भावपूर्ण वळणाच्या, आणि तिसरीत जॅझपासून आजच्या संगीतकारांपर्यंतचा निरनिराळ्या शैलींचा ऐवज. पहिल्या ग्रेडची परीक्षा सुमारे बारा मिनिटांत संपते. पण त्या बारा मिनिटांसाठी निवडलेले तीन पीस मुलाच्या घरात आठ-दहा महिने, कधी वर्षभर मुक्काम ठोकून असतात. म्हणून ते कोण निवडतो आणि कशावरून निवडतो, हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही.

निवडतात अर्थातच बाई. वांद्रे, दादरची पारशी कॉलनी, पुण्याचा कॅम्प, मडगाव आणि आता ठाणे-कोथरूडच्या सोसायट्यांतूनही घरी शिकवण्या घेणाऱ्या या शिक्षिका (शिक्षकही, पण संख्येने कमी) कोणत्याही संस्थेच्या नोकरीत नसतात. पगार नाही, रजा नाही, वर मुख्याध्यापक नाही. मे महिन्यात मुले गावी गेली की त्या महिन्याची फी बुडते. त्यांच्या कामाचा बाहेरच्या जगाला दिसणारा एकमेव पुरावा म्हणजे मुलांच्या परीक्षेचे निकाल. ‘त्यांच्याकडच्या सगळ्या मुलांना डिस्टिंक्शन मिळते’ हीच त्यांची जाहिरात, आणि ‘यंदा नुसती पास झाली’ ही कुजबुज म्हणजे एखाददुसरी शिकवणी सुटल्याची नोटीस.

अशा स्थितीत बाई काय करणार? त्या बेतशीर निवड करतात. याद्यांत मिळून प्रत्येक ग्रेडसाठी तीन डझनांच्या आसपास रचना असतात. पण बोर्ड स्वतः जो अल्बम छापते त्यात असतात फक्त नऊ, प्रत्येक यादीतल्या तीन. बाकीच्या शोधायच्या तर वेगवेगळी परदेशी पुस्तके घ्यावी लागतात किंवा सुटी पाने विकत मागवावी लागतात. एका पीससाठी एक पुस्तक घ्या, असे पालकांना सांगायची सोय नसते. मग नवातले तीन, आणि तेही गेल्या वर्षी चार मुलांनी वाजवून पार पाडलेले. बाईंना त्यातले खाचखळगे पाठ असतात, कुठल्या ओळीत बोट अडखळते ते ठाऊक असते. एकाच हंगामात दहा मुले तेच तीन पीस वाजवत असतात.

मी आयुष्यातली बरीच वर्षे बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात घालवली. तिथे दोन तऱ्हेचे अधिकारी असत. एक तारण पाहून कर्ज देणारे आणि दुसरे धंदा पाहून. तारण पाहणाऱ्याचे पैसे सहसा बुडत नाहीत. पण त्याच्या हातून नवा धंदाही सहसा उभा राहत नाही. पीस निवडताना नेमका हाच पेच असतो. ‘यात गुण बुडणार नाहीत ना?’ हा तारणाचा प्रश्न झाला. ‘या वर्षाने या मुलाच्या हातात काय येईल?’ हा धंद्याचा.

आता थोडा हिशेब मांडू. समजा, एका मुलीने तीन पीस वर्षभर घोटले आणि तिला प्रत्येकी २७ गुण मिळाले. झाले ८१. स्केल्सना १६, कानाच्या चाचणीला १३ आणि साइट रीडिंगला अवघे १०. बेरीज १२०. म्हणजे न पाहिलेल्या चार ओळी तिला धड वाचता येत नाहीत, तरी मेरिट हातात पडले. अशा आठ ग्रेड तिने आठ वर्षांत केल्या तर तिच्या खात्यावर जमा होतात चोवीस पीस. त्यातले जुने एकवीस ती विसरलेली असते, कारण नवे तीन घेताना जुने बाजूला ठेवायचे असा रिवाजच आहे. आणि पंचविसावा पीस तिला स्वतःहून बसवता येत नाही. प्रमाणपत्रे मात्र आठ, फ्रेम करून भिंतीवर.

हे वाचन काय चीज आहे ते गोमंतकीयांना विचारावे. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जाई. त्या शिदोरीवर तिथले कित्येक वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले आणि तिचा कणा बनले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, संगीत संयोजनात दबदबा असलेले सेबॅस्टियन डिसोझा ही त्यातली ठळक नावे. संगीतकाराने चाल गाऊन दाखवावी, संयोजकाने ती कागदावर उतरवावी, आणि वादकांनी कागद समोर येताच वाजवावे, असा तो कारभार. त्या कागदावरचा मजकूर वर्षभर घोटायला कोणी सवड देत नसे. ज्याला वाचता येई त्याची चूल पेटे. परीक्षेत ज्या कौशल्याला १५० पैकी २१ गुण, त्याने आयुष्यात घरे चालवली.

२०२० पासून बोर्डाने आणखी एक पर्याय ठेवला आहे. त्यात स्केल्स नाहीत, साइट रीडिंगही नाही. चार पीस सलग वाजवून ध्वनिचित्रमुद्रण पाठवायचे. ज्यांच्या गावात परीक्षक येत नाही त्यांची त्याने मोठी सोय झाली, यात शंका नाही. पण याचा अर्थ असा की वाचनाचा जो थोडाबहुत धाक परीक्षेत होता तोही या वाटेवर उरलेला नाही. आता सगळे ओझे पीसच्या निवडीवर आणि बाईंच्या सद्‍बुद्धीवर.

चांगली बाई निवडताना काय पाहते? पहिल्यांदा हात पाहते. दहा वर्षांच्या मुलाचा पंजा पूर्ण सप्तकावर पोहोचत नसेल, तर ताण देऊन वाजवायचा पीस कितीही सुंदर असला तरी त्याच्यासाठी नव्हे. मग घरातले वाद्य पाहते. आपल्याकडे पुष्कळ मुलांच्या घरी पियानो नसतो. ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड असतो, त्याला धड पेडल नसते आणि पट्टी हलके दाबली काय किंवा जोरात दाबली काय, पुष्कळदा फारसा फरक पडत नाही. ज्या रचनेचा प्राणच पेडलमध्ये आणि स्पर्शात आहे, ती अशा मुलाला देणे म्हणजे त्याला न दिसणाऱ्या रंगांचे चित्र काढायला सांगणे. त्याला स्पष्ट, सुट्या सुरांची एखादी जुनी नृत्यरचना द्यावी. खरा पियानो असलेल्या घरीही मुंबईच्या पावसाळ्यात लाकूड फुगते, पट्ट्या अडकतात, आणि ट्यूनर लवकर मिळत नाही. तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये काय तयारी होईल याचाही अंदाज घ्यावा लागतो. शाळेच्या परीक्षा कधी आहेत, शेजारी किती वाजता झोपतात, हे प्रश्नसुद्धा संगीताचेच असतात. आणि सर्वांत शेवटी, पण सर्वांत महत्त्वाचे, मुलाचा स्वभाव. काहींना धावायला आवडते, काहींना रेंगाळायला. तीनपैकी एक पीस त्याच्या स्वभावाचा असावा, एक त्याच्या उणिवेवर बोट ठेवणारा, आणि एक असा की ज्याचे नावगावही त्याने ऐकलेले नाही.

मुलांसाठी लिहिलेले पियानोचे उत्तम साहित्य कसे जन्माला आले ते पाहण्यासारखे आहे. बाखने १७२० मध्ये एक वही घातली ती आपल्या नऊ वर्षांच्या थोरल्या मुलासाठी, विल्हेल्म फ्रीडमनसाठी. त्याच्या प्रसिद्ध ‘इन्व्हेन्शन्स’चे पहिले खर्डे त्या वहीत आहेत. शूमानने १८४८ मध्ये ‘आल्बम फॉर द यंग’ची सुरुवात केली ती थोरल्या मुलीच्या, मारीच्या, सातव्या वाढदिवसाची भेट म्हणून. बार्टोकने ‘मायक्रोकॉसमॉस’ या १५३ रचनांच्या मालेचे पहिले दोन भाग आपल्या मुलाला, पेटरला, अर्पण केले. यांतल्या रचना आज परीक्षांच्या याद्यांत येतात, तेव्हा त्या सर्वांसाठी आहेत असे वाटते. पण लिहिणाऱ्यासमोर यादी नव्हती, एक मूल होते. त्याचा हात, त्याचा हट्ट, त्याचा कंटाळा बापाला ठाऊक होता.

आपल्या परंपरेला हे नवे नाही. गुरू शिष्याचा गळा पाहून बंदिश देतो. पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि पुढे त्यांच्या शिष्यांनी प्रारंभिक ते अलंकार अशा परीक्षा गावोगावी नेल्या, तेव्हा मध्यमवर्गीय घरांतल्या मुलींना गाण्याचा दरवाजा उघडला. परीक्षेचे हे ऋण विसरून चालणार नाही. पियानोच्या ग्रेडचेही तेच आहे. एकट्याने शिकवणाऱ्या बाईंना आपण बरोबर शिकवतो आहोत की नाही, हे सांगणारा दुसरा कोणी नसतो. परका परीक्षक ते सांगतो. मुलालाही तारीख समोर असली की सरावाला बसावेसे वाटते. परीक्षा नको, असे म्हणणारे बहुधा परीक्षेचे फायदे घेऊन झालेले असतात.

तक्रार परीक्षेविषयी नाही, दरवर्षी परीक्षा हवीच या आग्रहाविषयी आहे. हा आग्रह बोर्डाचा नाही, आपला आहे. बोर्डाच्या नियमांप्रमाणे आधीची ग्रेड उत्तीर्ण असल्याशिवाय पुढची देता येत नाही असे मुळीच नाही; सहावीपासून पुढे पाचवीच्या थिअरीसारखी एक अट आहे, एवढेच. तिसरी दिल्यावर दोन वर्षे काही न देता मुलाने तीस छोट्या रचना वाचल्या, त्यातल्या दहा आवडल्या, चार मनापासून बसवल्या आणि मग सरळ पाचवीला बसले, तर कोणीही हरकत घेणार नाही. फक्त पाहुण्यांना सांगायला त्या दोन वर्षांत नवा आकडा नसेल.

ही सवड बाई आपल्या बळावर देऊ शकत नाहीत. त्यांचे पोट निकालावर आहे, आणि निकालाची मागणी आपण पालक, आजी-आजोबा करतो. तेव्हा पुढच्या महिन्याची फी देताना ‘फॉर्म कधी भरायचा?’ याऐवजी ‘या वर्षी परीक्षेबाहेरचे काय वाजवून घ्याल?’ असे विचारून पाहावे. अल्बमखेरीज आणखी एखादे पुस्तक हवे असेल तर तेही आणून द्यावे. पिझ्झाच्या एका संध्याकाळीपेक्षा ते फार महाग पडू नये. यंदा डिस्टिंक्शन हुकले तरी शिकवणी बदलणार नाही, एवढा शब्द बाईंना दिला, तर त्या कोणते पीस निवडतात ते पाहण्याजोगे असेल. कदाचित त्यांनी स्वतः लहानपणी जीव लावून वाजवलेला, कुठल्याच यादीत नसलेला एखादा पीस कपाटातून बाहेर निघेल.