थंड खोलीचे घनफळ

मार्गशीर्ष सरत आला की ग्वाल्हेरच्या बाजारात तेलाचे हीटर मांडले जातात आणि घरोघरी एकच खल सुरू होतो : नऊ फिनचा घ्यावा, अकराचा की तेराचा? दुकानदार फार तर खोलीची लांबी-रुंदी विचारतो. उंची कोणी विचारीत नाही. आमच्या लष्करातील जुन्या वाड्यांत तर सारी मेख तेथेच आहे.

प्रथम फिनांविषयी. फिन म्हणजे त्या यंत्राच्या उभ्या पाती. त्या वाढल्या म्हणजे उष्णता वाढली, असे नव्हे. २००० वॅटचा हीटर नऊ पातींचा असो वा तेरांचा, तासाला दोन युनिट वीज घेऊन तेवढीच उष्णता देणार. पाती अधिक असतील तर पृष्ठभाग थोडा कमी तापेल, इतकेच. तेव्हा पाती मोजू नयेत, मागच्या पट्टीवरील वॅट वाचावेत.

आता हिशेब. आठ फूट उंचीच्या खोलीस दर चौरस फुटामागे सुमारे दहा वॅट, असा एक ढोबळ आडाखा आहे. बारा बाय पंधराची खोली म्हणजे १८० चौरस फूट, म्हणून १८०० वॅट. परंतु वाड्याच्या दिवाणखान्याचे छत चौदा फुटांवर असले, तर हवा पावणेदोनपट होते आणि गरज ३१५० वॅटवर जाते. तेरा फिनचे सर्वसाधारण यंत्र २९०० वॅटचे असते. म्हणजे बाजारातला मोठा हीटर आणूनही खोली थंडच राहावयाची! त्यातून ऊन हवा वर तुळयांशी जाऊन बसते आणि खाटेवरची आजी कुडकुडतच राहते. दगडी भिंत जाड असली म्हणजे थंडी अडवते, हाही एक गोड गैरसमज आहे. ती आधी स्वतः तासन्‌तास उष्णता पिते, मग खोलीला देते.

झरोके आणि दाराखालच्या फटी यांतूनही पुष्कळ उष्णता निसटते. फटींत जुन्या लुगड्याची वळकटी सारावी, खिडकीवर जाड पडदा सोडावा. वॅट वाढविण्यापेक्षा हे स्वस्त. मात्र हा बंदोबस्त विजेच्या हीटरपुरताच. कोळशाची शेगडी पेटवून दारे-खिडक्या लावून निजणे म्हणजे प्राणाशी खेळ. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास.

माझ्या मते हीटर निवडण्यापूर्वी खोली निवडावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत थंडीत घरातील हवा किमान १८ अंश सेल्सियस असावी, असे म्हटले आहे. वृद्धांना त्याहून अधिक ऊब लागू शकते. येथे पौष-माघात कित्येक रात्री पारा पाच अंशांखाली उतरतो. अशा वेळी घरातील वडीलधाऱ्यांची खाट मानाच्या दिवाणखान्यातून हलवून माजघरात घालावी. दहा बाय बाराचे, नऊ फूट उंचीचे माजघर १३५० वॅटमध्ये भागते. शिवाय त्याच्या बहुतेक भिंतींपलीकडे घरच असते, उघडी गल्ली नव्हे. तेथे १५०० वॅटचा हीटर पुरे; निजण्यापूर्वी तासभर लावावा, पुढे थर्मोस्टॅट आपोआप वीज तोडीत-जोडीत राहतो. ‘मला अडगळीत टाकले’ असे आजोबा म्हणतील, म्हणोत बापडे. दोन रात्रींनंतर तक्रार राहणार नाही.

राहता राहिली वीज. २९०० वॅटचा हीटर साडेबारा अँपिअरहून अधिक प्रवाह ओढतो. त्यास १६ अँपिअरचा मोठा सॉकेट, चांगली अर्थिंग आणि जाड तार हवी. दिव्या-पंख्याच्या लहान सॉकेटवर किंवा लोंबत्या एक्स्टेंशनवर तो लावू नये. जुन्या वाड्यातील तारा कित्येक वर्षे कोणी पाहिलेल्या नसतात. हीटर आणण्याच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या तपासून घ्याव्यात. आणि ओले कपडे हीटरवर वाळत घालू नयेत, हे सुनांइतकेच नातवांनाही सांगून ठेवावे.