विश्लेषण : सरदार सरोवरात जाळे कोणते टाकायचे? आसाच्या दोन इंचांनी एवढा फरक का पडतो?

नंदुरबार जिल्ह्यातील मोलगीच्या उत्तरेला सातपुड्याचे डोंगर उतरत थेट नर्मदेपर्यंत जातात. तिथे पूर्वी वाहती नदी होती, आता सरदार सरोवराचे संथ, खोल पाणी आहे. धरणामुळे महाराष्ट्रातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. नदीकाठची जमीन पाण्याखाली गेल्यावर काठावरच्या अनेक घरांनी होडी आणि जाळे धरले. मात्र नदीत चालणारे जाळे एवढ्या मोठ्या सरोवरात चालेलच असे नाही. बाजारातून उचललेले बंडल पाण्यात टाकले म्हणजे मासेमारी झाली, असेही नाही. कोणत्या आसाचे जाळे, किती सैल बांधलेले, किती खोल सोडलेले, यावर आजचा मासाच नव्हे तर दोन वर्षांनंतरचा मासाही ठरतो.

हे पाणी इतर तलावांसारखे का नाही?

सरदार सरोवराची लांबी सुमारे २१४ किलोमीटर आहे आणि सरासरी रुंदी दोन किलोमीटरपेक्षाही कमी. म्हणजे हा पसरट तलाव नाही, डोंगरांमध्ये कोंडलेली लांबलचक दरी आहे. काठापासून थोडे आत गेले की तळ एकदम खाली जातो.

दुसरी अडचण पातळीची. धरणाची पूर्ण जलाशय पातळी १३८.६८ मीटर आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये सरोवर पहिल्यांदा तिथपर्यंत भरले. किमान पातळी ११०.६४ मीटर आहे. या दोन आकड्यांतील फरक २८ मीटर, साधारण नऊ मजली इमारतीएवढा. दरवर्षी पाणी एवढे उतरतेच असे नाही, पण ते कधी आणि किती उतरणार हे मच्छीमाराच्या हातात नसते. वीज आणि कालव्यांच्या गरजेनुसार ते ठरते. (धरणाच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के आहे. काठावरच्या पाड्यांना त्याचा उपयोग किती, हा वेगळ्या लेखाचा विषय.) गणपतीत जिथे जाळे टाकले, तिथे होळीला कोरडा उतार असू शकतो. त्यामुळे इथे ‘एकच जाळे, एकच जागा’ हे गणित जमत नाही.

गळ टाकून का भागत नाही?

मोठ्या सरोवरातील मासेमारी म्हटले की इंटरनेटवर अमेरिकेतील व्हिडिओ समोर येतात. होडी हळू चालवत मागे आमिष ओढत न्यायचे, या पद्धतीला ट्रोलिंग म्हणतात. मिशिगन सरोवराच्या उपनद्यांत १९६६ मध्ये कोहो सॅमन सोडले गेले आणि पुढे तिथे या पद्धतीचा मोठा व्यवसाय उभा राहिला. सॅमन आणि ट्राउट थंड पाण्याच्या थरात राहतात. त्यामुळे तिथले लोक तारेला चार-पाच किलोचा शिशाचा गोळा बांधून आमिष नेमके त्या खोलीवर ओढतात.

ही पद्धत जशीच्या तशी नर्मदेत आणण्यात अर्थ नाही. ओढलेल्या आमिषाचा पाठलाग शिकारी मासा करतो. महसीर, मरळ त्याला लागू शकतील. पण कटला हा पाण्यातील सूक्ष्म जीव गाळून खाणारा मासा आहे, चमकत्या पत्र्याच्या मागे तो धावत नाही. शिवाय दिवसभर इंजिन चालवण्याचा खर्च पर्यटकाला परवडतो, विकण्यासाठी मासे धरणाऱ्याला नाही. घेण्यासारखी गोष्ट एकच, ती म्हणजे आधी माशाची खोली ठरवायची आणि मग साधन. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. गळाने एकेक मासा मिळतो. घर चालवायचे तर गिलनेटला, म्हणजे पाण्यात भिंतीसारख्या उभ्या राहणाऱ्या जाळ्याला पर्याय नाही.

आस म्हणजे काय आणि तो मोजायचा कसा?

जाळ्याच्या एका घराला आस म्हणतात. दुकानात ‘चार इंची’ जाळे म्हणतात तेव्हा आस ताणून समोरासमोरच्या दोन गाठींमधले अंतर चार इंच असते. त्या आसाचा पूर्ण घेर आठ इंच, म्हणजे जवळपास २० सेंटिमीटर भरतो. मासा आसात डोके घालतो, अंगाचा जाड भाग अडकतो, मागे सरकताना कल्ले अडकतात. आसाच्या घेरापेक्षा ज्याच्या अंगाचा घेर कमी, तो आरपार निघून जातो. घेर फारच मोठा असेल तर डोकेच आत शिरत नाही. आसाच्या घेराच्या साधारण सव्वापट घेराचा मासा सर्वाधिक अडकतो, असा ढोबळ नियम आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना पकड झपाट्याने कमी होते. म्हणून गिलनेट हे एक प्रकारचे चाळणे आहे, फक्त ते धान्याच्या चाळणीसारखे एकाच बाजूने चाळत नाही.

आता हिशेब. कटल्यासारख्या रुंद माशासाठी दोन इंची आसात अडकणारा मासा शंभर ग्रॅमच्या आतबाहेर भरेल. चार इंचीत अर्धा किलोच्या थोडा वर आणि सहा इंचीत दोन किलोच्या आसपास. हे अंदाज आहेत, माशाच्या अंगलटीनुसार बदलतील. पण त्यामागचे गणित पक्के आहे. मासा लांबी, रुंदी आणि जाडी अशा तिन्ही दिशांनी वाढतो, त्यामुळे आस दुप्पट झाला की अडकणाऱ्या माशाचे वजन सुमारे आठपट होते. दोन इंची जाळ्यात सापडलेले कटल्याचे आठ पोर मिळून चार इंचीतल्या एका माशाएवढे भरतात. बाजारात त्या आठांना मोठ्या माशाचा भावही मिळत नाही.

खरे नुकसान त्याहून पुढचे आहे. कटला, रोहू साधारण दुसऱ्या वर्षी प्रजननाला येतात आणि तेही पावसाळ्यात, पुराच्या वाहत्या पाण्यात. शंभर ग्रॅमला धरलेल्या माशाने एकदाही अंडी घातलेली नसतात. जलाशयात मत्स्यबीज सोडले असेल तर ते सरकारी पैशाचे बीजही याच आसात जाते.

याचा अर्थ लहान आस म्हणजे गुन्हा, असा मात्र नाही. खवली, चाल यांसारखे मासे पूर्ण वाढूनही लहानच राहतात. घरच्या कालवणाला तेच येतात आणि ते धरायला लहान आसच लागतो. प्रश्न ते जाळे कुठे आणि कधी टाकायचे हा आहे. कटल्या-रोहूची पिल्ले फिरतात त्या नाल्यांच्या तोंडाशी, पावसाळा संपता संपता लहान आस लावणे सगळ्यात महाग पडते.

१०० मीटरचे बंडल, ५० मीटरचे जाळे

नवख्या खरेदीदाराची पहिली फसगत इथे होते. बंडलावर लिहिलेली लांबी पूर्ण ताणलेल्या जाळ्याची असते. तसेच ताणून दोरावर बांधले तर आस मिटून जातात, त्यात मासा शिरणारच नाही. गिलनेट साधारण निम्म्या लांबीच्या दोरावर सैल बांधतात. म्हणजे १०० मीटरच्या बंडलाला ५० मीटर दोर. असे बांधले की आस उभ्या शंकरपाळ्यासारखा उघडतो आणि मासा धडकल्यावर जाळे त्याच्याभोवती लवते.

उंचीचेही तसेच. चार इंची आसाचे, शंभर आस खोल जाळे ताणून दहा मीटर भरते, पण निम्म्या दोरावर बांधल्यावर पाण्यात ८.७ मीटरच उभे राहते. ७० मीटर दोरावर बांधले तर लांबी वाढते, उंची सव्वासात मीटरच्या खाली येते आणि जाळे ताठ होते. ताठ जाळ्यातून मासा सहज सुटतो. म्हणून खरेदीला जाताना किती मीटर जाळे हवे ते ठरवून त्याच्या दुप्पट लांबीचे बंडल मागावे आणि पैशाचा हिशेबही त्याच लांबीवर करावा.

धाग्याबाबत फार घोळ घालण्याचे कारण नाही. पारदर्शक एकेरी धाग्याचे जाळे माशाला कमी दिसते, म्हणून जास्त धरते, पण खडकाला घासले की लवकर तुटते. पिळाच्या धाग्याचे जाळे दिसते, पण टिकते आणि घरी विणून दुरुस्त करता येते.

बुच, वजन आणि बुडालेले मोह

नायलॉन पाण्यापेक्षा जड असल्याने जाळे आपोआप बुडते. ते वरून धरून ठेवायला तरंगणारा दोर आणि बुच लागतात, खालून ताणायला वजन. शिसे महाग म्हणून अनेक ठिकाणी दगड बांधतात. त्यात चूक काही नाही, फक्त एक लक्षात ठेवावे लागते. पाण्यात एक किलो दगडाचे वजन जेमतेम ६०० ग्रॅम उरते, शिशाचे ९०० ग्रॅमच्या वर. शिशाच्या जागी तेवढ्याच वजनाचा दगड बांधला तर वाऱ्याने जाळे आडवे होते.

तळाशी जाळे सोडण्यात इथे मोठा धोका आहे. दरी भरली तेव्हा झाडे जागेवरच उभी राहिली. त्यांच्या फांद्यांत अडकलेले जाळे परत येत नाही. त्यामुळे वरच्या दोराला ठरावीक अंतरावर लांब दोऱ्यांनी बुच बांधून जाळे शेंड्यांच्या वर टांगते ठेवणे बरे. पाण्याची पातळी बदलली की या दोऱ्या कमी-जास्त करायच्या, जाळे तेच राहते. नांगराच्या दोराला पावसाळ्यात भरपूर ढील हवी. पाणी चढले आणि दोर तोकडा पडला तर जाळे बुचांसकट खाली ओढले जाते.

कुठल्या शेताच्या बांधावर कोणता मोह होता, हे तिथे पेरणी केलेल्या माणसाला आजही ठाऊक असते. उन्हाळ्यात पाणी उतरून शेंडे उघडे पडले की त्या जागा मोबाइलच्या नकाशावर खूण करून ठेवता येतात. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, नकाशा आधी उतरवून घेतलेला असला म्हणजे झाले.

हरवलेले नायलॉन कुजत नाही आणि वर्षानुवर्षे मासे मारत राहते. यावर साधा उपाय आहे. बुच दोराला नायलॉनऐवजी सुती सुतळीने बांधावेत. काही महिन्यांत सुतळी कुजते, बुच सुटतात आणि जाळे तळाशी गोळा होऊन निकामी पडते. वापरातल्या जाळ्याची सुतळी मधूनमधून बदलावी लागते, एवढाच त्रास.

एकट्याने मोठा आस घेऊन काय होणार?

काही नाही, हे प्रामाणिक उत्तर आहे. एकाने चार इंची जाळे लावून पिल्ले सोडली आणि शेजारच्याने दोन इंचीत तीच धरली, तर पहिला नुसता तोट्यात जातो. स्फोटके आणि विष वापरून मासे मारण्यावर १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून बंदी आहे, पण प्रत्येक होडीतला आस मोजायला कोणी शिपाई या दरीत फिरणार नाही. नियम काठावरच्यांनीच केला तर चालतो. मध्य प्रदेशातील तवा धरणाच्या विस्थापितांच्या मत्स्य संघाला १९९६ मध्ये जलाशयाचे हक्क मिळाले. संघाने बीज सोडणे, प्रजननकाळात मासेमारी बंद ठेवणे आणि विक्री हे सगळे स्वतः चालवले. २००६ मध्ये व्याघ्र प्रकल्पाच्या कारणावरून करार वाढवला गेला नाही आणि ती घडी मोडली. हक्काची खात्री नसेल तर पुढच्या वर्षीसाठी मासा सोडण्याचा शहाणपणा कुणाकडून मागणार?

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अनुसूचित जमाती आणि महिला लाभार्थ्यांना ६० टक्क्यांपर्यंत अर्थसाह्य आहे आणि पारंपरिक मच्छीमारांच्या होडी-जाळ्यांचाही तिच्यात समावेश आहे. संस्थेमार्फत मागणी नोंदवताना नुसते ‘जाळे’ न लिहिता आसाचे माप, धाग्याचा प्रकार, किती आस खोल आणि दोर-बुच-शिसे यांची यादी जोडता येते. तसे लिहिले नाही, तर पुरवठादाराच्या गोदामात जे पडून असेल तेच देवगोई घाट चढून मोलगीला येईल.