'९० तासां'च्या वादात शनिवारचा प्रश्न हरवला

जानेवारी २०२५मध्ये 'लार्सन अँड टुब्रो'चे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचा व्हिडिओ व्हायरल झाला. प्रश्न साधा होता : शनिवारीही काम का?

उत्तर आलं : रविवारीही काम करून घेता येत नाही, याची खंत वाटते. घरी बायकोकडे किती वेळ बघत बसणार? आठवड्याला ९० तासांचा आग्रहही झाला.

मग मीम्स आले. कंपनीचा खुलासा आला, तो राष्ट्रउभारणीचा. शनिवारचं उत्तर त्यातही नव्हतं.

हे का महत्त्वाचं? कामगार कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे, पण व्यवस्थापकीय पदांना ती सहसा लागू नसते. तिथे साहेबांचा शब्द हाच नियम. प्रश्नाची अशी थट्टा झाली, की पुढच्या बैठकीत हात वर करणार कोण?